चार सेकंदांची शर्यत

आम्ही गेलो होतो मोदकपात्र आणायला. गणपती चार दिवसांवर आले होते. माझ्या नव्या संसारात टोस्टर होता, कुकर होता, आहेरात आलेली एकसारखी तीन घड्याळं होती. मोदकपात्र मात्र नव्हतं. संजीवनीकाकूंकडे दोन होती. काकू आणि निशिकांतकाका पासिर रिसला एका जुन्या ब्लॉकच्या नवव्या मजल्यावर राहायचे. काका बँकेतून निवृत्त झालेले. पुण्या-मुंबईहून या परक्या देशात नवीन आलेलं मराठी बिऱ्हाड महिन्याभरात त्यांच्या जेवणाच्या टेबलाशी पोचलंच म्हणून समजावं. आम्ही तिसऱ्या आठवड्यात पोचलो होतो.

२००८ सालचा, ऑगस्टचा शेवटचा शनिवार. रात्रीचे साडेनऊ झाले असतील. खाली ब्लॉकसमोर पत्र्याच्या डब्यांत मेलेल्यांच्या नावानं कागद जळत होते. चिनी लोकांचा भुतांचा महिना त्या दिवशी संपत होता, म्हणून सगळ्यांची लगबग. धुराचा वास नवव्या मजल्यापर्यंत येत होता.

आमच्याबरोबर विक्रांत होता, माझ्या नवऱ्याचा, सौमित्रचा, ऑफिसमधला मित्र. लग्नाला अडीच महिने झाले होते आणि एवढ्यात मला दोन गोष्टी कळून चुकल्या होत्या. एक, विक्रांत रविवारी जेवायला असतोच. दोन, माझी सवत म्हणजे एक निळी चपटी गाडी आहे.

ती गाडी एका जुन्या गेममधली. कॉलेजात असताना सौमित्र रात्र रात्र तो खेळायचा. तेविसावं शतक, गाड्यांना चाकं नाहीत, त्या हवेतून जातात, एकमेकींना धडका देतात, फुटतात. तेविसाव्या शतकातही माणूस शेवटी भिंतीवरच आपटणार आहे, हे मला लगेच पटलं. सौमित्रनं नवा कॉम्प्युटर घेतला होता आणि दोन आठवडे तो गेम त्यावर चालवायची खटपट चालली होती.

"चालतो, काका, पण भलताच पळतो," तो सांगत होता. "जुना गेम जुन्या मशीनच्या वेगावर बेतलेला असतो. नवं मशीन कितीतरी पट जोरात. तीन मिनिटांची शर्यत सुरू होते न होते तोच संपते. मग एक छोटा प्रोग्रॅम टाकायचा, तो मशीनला मुद्दाम दमवतो. मशीन दमलं की गेम ठिकाणावर येतो."

"नवऱ्यांसाठी मिळतो का रे असा?" काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

"आता फक्त चाक हवंय," सौमित्र म्हणाला. "टेबलाला लावायचं स्टिअरिंग. नवीन घ्यायचं तर ही ओरडेल."

मी अजून त्याच्यावर एकदाही ओरडले नव्हते.

"विकत कशाला?" विक्रांत म्हणाला. "लिफ्टपाशी लोक काय काय ठेवून जातात. माझा सोफा तिथलाच. दोन-चार ब्लॉक फिरू, मिळेल एखादं चाक."

काकांनी चहाचा कप खाली ठेवला. मग उठून बाल्कनीचं दार लावून घेतलं. धुराचा वास कमी झाला.

"विक्रांत, चाक उचलायचं नाही," ते म्हणाले.

"का?"

काका खुर्चीत बसले. एकदा वर, छताकडे बघितलं.

"वरच्या घरात मुकुल नावाचा मुलगा राहायचा. सांगू का नको असं वाटतं. ऋता नवीन आहे."

"सांगा ना," मी म्हणाले. मला वाटतं त्या संध्याकाळचं ते माझं पहिलंच वाक्य होतं.

मग काकांनी जे सांगितलं ते त्यांच्याच शब्दांत लिहिते. मधूनमधून ते थांबत होते. त्या जागाही जमेल तशा ठेवल्या आहेत.

*

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. मुकुल तुमच्यासारखाच, चांगी बिझनेस पार्कला कामाला. दिवसभर की-बोर्डवर बोटं. बायको अनघा, शांत मुलगी. दहाव्या मजल्यावर भाड्यानं राहायची दोघं. त्यांच्या खोलीतली खुर्ची सरकली तरी आम्हाला खाली कळायचं.

गुरुवारी संध्याकाळी मुकुल कचरा टाकायला खाली गेला. मोठा खोका होता, मजल्यावरच्या कचऱ्याच्या नळाच्या तोंडात मावत नव्हता. परत येताना लिफ्टपाशी त्याला चाक दिसलं. काळं, जवळपास नवं, तारेसकट. शेजारी दोन संत्री आणि विझलेल्या उदबत्त्यांचे बुडखे.

आता मुकुल काही मूर्ख नव्हता. चिनी लोकांच्या सातव्या महिन्यात, म्हणजे या भुतांच्या महिन्यात, रस्त्यावरच्या वस्तूला हात लावायचा नाही, गाण्याच्या कार्यक्रमात भुतांसाठी सोडलेल्या पुढच्या रिकाम्या खुर्च्यांवर बसायचं नाही, हे त्याला ठाऊक होतं. पण अनघाच्या लक्षात आलं होतं की त्या वर्षी यांचा सातवा महिना आणि आपला श्रावण बरोबर एका दिवशी सुरू झाले होते. अमावास्या आदल्या दिवशीच झाली होती. आपला श्रावण संपला, म्हणजे यांचाही संपला. उदबत्त्या कालच्या राहिल्या असतील, असं म्हणून त्यानं चाक उचललं.

हिशेब चोख होता. फक्त त्या वर्षी त्यांचा अधिक महिना होता. आपल्याकडे अधिक महिना आधी येतो आणि खरा मागून. त्यांच्याकडे खरा आधी, अधिक मागून. सातवा महिना संपला त्याच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा सातवा महिना लागला. आपल्या माणसाच्या डोक्यात हे येणारच नाही...

चाक टेबलाला लागलं. गेमही तोच, सौमित्र, तू सांगतोस तसलाच. चाकं नसलेल्या गाड्या, धडका. मशीनही अगदी नवं. शर्यत सुरू केली की चार सेकंदांत खलास. एक रेघ, एक लखलखाट, धाड. मुकुलची गाडी दर वेळी भिंतीवर. आणि दर वेळी हातातलं चाक असं हिसडायचं, की खांद्यापर्यंत कळ जायची.

(इथे विक्रांत म्हणाला, "एक मिनिट, काका. एवढ्या जुन्या गेममध्ये चाकाला झटके देण्याची सोयच नसते. गेमला ते माहीतच नसतं."

काका म्हणाले, "मला त्यातलं कळत नाही बाबा. मुकुलही नंतर हेच म्हणाला.")

शुक्रवारी ऑफिसातून आल्यावर बसला. शनिवारी सकाळपासून बसला. काहीतरी बदलायचं, शर्यत लावायची, चार सेकंद, धाड. पुन्हा बदलायचं. धाड. किती वेळा, ते त्यानं मोजलं नाही. आम्ही खाली मोजण्याच्या फंदात पडलो नाही, पण टेबल भिंतीवर आदळायचं ते ऐकू यायचं. काकू म्हणाली, कपाट ठोकतोय वाटतं. वर मुकुल हसायचा. "हा गेला! पुन्हा गेला!" प्रत्येक वेळी गाडीत कुणीतरी बसलेलं असतं, असं कशाला मनात येईल? खेळ आहे...

शनिवार, सव्वीस ऑगस्ट. हरतालिका. अनघाचा उपास होता. पासिर रिसच्या किनाऱ्यावरून पिशवीभर वाळू आणून तिनं हॉलमध्ये पिंड केली होती. रात्र जागायची होती, म्हणून दिवसभर मध्ये मध्ये मुकुलच्या शेजारी जाऊन बसत होती. त्याचे दोन्ही हात चाकावर, म्हणून वेगाचं बटण दाबायचं काम तिच्याकडे. एक बटण. दाबलं की गेम सावकाश. पुन्हा दाबलं की सुसाट. दिवसभरात तिला तेवढं पक्कं झालं. "लाव." "काढ." "लाव."

रात्री साडेअकराला ते जमलं. शर्यत ठिकाणावर आली. गाडी आतून दिसते त्या गेममध्ये... समोर काच, खाली चालवणाऱ्याचे दोन हात. मुकुलच्या आठवणीत त्या हातांत राखाडी मोजे होते.

मोजे नव्हते.

उघडे हात होते. माणसाचे. उजव्या मनगटाला लाल धागा. सगळी नखं काळीनिळी. एक अंगठा मागे वळलेला. बोटांची सालं निघालेली, आतलं पांढरं दिसत होतं.

मुकुल म्हणाला, "अने, बघ काय बारीक काम केलंय! आधी एवढ्या जोरात जायचं की कळतच नव्हतं."

गाडी भिंतीला घासली. त्या हातांवर आणखी एक भेग पडली. रक्त आलं.

आणि तसंच राहिलं.

अनघा म्हणाली, "मुकुल, हे सगळं आज दिवसभरात झालंय का रे?"

तो हसला. तिला पूजेचं बघायचं होतं. ती हॉलमध्ये गेली.

थोडा वेळ त्याचं हसू ऐकू येत होतं. मग नाही.

मग धाड...

मग पुन्हा. सावकाश. ठरवून मारल्यासारखी.

ती दारात आली. मुकुल टेबलाशी वाकून बसलेला. चाक डावीकडे फिरलं. त्याचा अंगठा चाकाच्या दांडीत अडकला होता. चाक थांबलं नाही. अंगठा मोडला. तिला आवाज ऐकू आला, ओली काटकी मोडते तसा. मुकुल ओरडला. चाक उजवीकडे फिरलं. त्याला सोबत खेचलं. कपाळ काचेच्या जाड मॉनिटरवर आपटलं.

धाड.

पडद्यावर गाडी भिंतीवर आदळली होती. त्याच क्षणी.

"सोड!" अनघा ओरडली. "सोड ना चाक!"

"मी धरलेलं नाही..."

तिनं जवळ जाऊन बघितलं. त्याची बोटं चाकावर दाबली गेली होती. वरून. मांसात खळगे पडले होते, पांढरे. चार इकडे, चार तिकडे. त्याच्या हातांवर कुणाचे तरी हात होते.

पडद्यावर... पडद्यावर गाडीतले हात नव्हते. चाक एकटंच.

धाड. कपाळ फुटलं. काचेवर रक्ताचा पट्टा ओघळला. तिनं त्याचे खांदे धरून मागे ओढलं. तीही ओढली गेली. तोंड टेबलाच्या कडेवर बसलं, दात ओठात घुसला. तिनं भिंतीवरचं बटण बंद केलं. पंखा थांबला. दिवा गेला. मशीनची घरघर थांबली.

पडदा चालू होता.

गाडी मागे सरली. सरळ झाली. पुन्हा भिंतीच्या रोखानं निघाली. सावकाश...

घाई नव्हतीच कुणाला. तीन फेऱ्यांची शर्यत. पहिली फेरी अर्धीसुद्धा झाली नव्हती. दिवसभरात गाडीतला तो जेवढ्या वेळा आपटला होता तेवढ्या वेळा, एक एक करून, परत द्यायला भरपूर वेळ होता.

अनघाच्या लक्षात आलं. शर्यत संपल्याशिवाय सुटका नाही. आणि या वेगानं शर्यत संपेपर्यंत मुकुल राहत नाही.

धाड.

तिनं की-बोर्डवर बोट ठेवलं. त्याच बटणावर.

मुकुलनं ते बघितलं. एका डोळ्यानं. दुसऱ्यात रक्त होतं. चार सेकंदांत काय होणार, ते त्याच्याइतकं कुणाला माहीत होतं?

"अने... माझे हात..."

"माहितीये," ती म्हणाली. "पण तू राहशील."

धाड. एक दात टेबलावर पडला.

"काढू?"

त्यानं तो डोळाही मिटला.

"मुकुल! काढू?"

"काढ."

तिनं एका हातानं त्याची मान मागे आवळली, छातीशी. डोकं तरी वाचावं म्हणून. दुसऱ्या हातानं बटण दाबलं.

चार सेकंद.

आम्ही खाली होतो. ह्याच खोलीत. मी तुम्हाला सांगतो, तसा आवाज मी परत ऐकला नाही. पोतंभर नारळ जिन्यावरून सोडावेत... आणि त्यात एक माणूस ओरडत असावा. छताचा पोपडा पडला माझ्या अंगावर.

मग काही नाही.

मी वर पळालो. दार अनघानं उघडलं. ओठ फाटलेला. म्हणाली, "काका, संपली."

मुकुल जमिनीवर. चाक टेबलाला तसंच. त्याचे हात... दोन्ही मनगटं नको त्या बाजूला वळलेली. उजव्या हाताचं हाड बाहेर. पण श्वास होता.

*

काकांनी पाणी प्यायलं. विक्रांतनं मांडीवरचे दोन्ही हात मुठी करून बगलेत घेतले होते. आपण असं केलंय, हे त्याच्या गावी नसावं.

"चाकाचं काय केलंत?" सौमित्रनं विचारलं. त्याचा आवाज एकदम लहान झाला होता.

"दुसऱ्या दिवशी सकाळी मी ते घेऊन खाली गेलो. कापडात गुंडाळून, हात न लावता. लिफ्टपाशी समोरच्या घरातली चिनी अंटी भेटली. तिनं चाक बघितलं आणि मागे सरकली. मी म्हटलं, अंटी, सेव्हन्थ मंथ फिनिश ना? ती म्हणाली, 'व्हॉट फिनिश? धिस इयर टू टाइम्स, लाह!' मग सगळं सांगितलं. पलीकडच्या ब्लॉकमधल्या एका बाईचा मुलगा एप्रिलमध्ये एक्सप्रेसवेवर गेला. गाडी दुभाजकाला धडकून. हे चाक त्याचं. पहिल्या महिन्यात त्या बाईला घराबाहेर पडवलंच नाही. दुसरा महिना आहे कळल्यावर तिनं ते आणून ठेवलं. मी म्हटलं, आमच्या मुलाला वाटलं, कुणी टाकलंय. अंटी म्हणाली, 'नॉट थ्रो. गिव्ह.'"

"मी दोन संत्री आणली," काका म्हणाले. "आणि त्या दिवशी गणपती बसलेले, काकूनं पाच मोदक दिले. चाकाशेजारी ठेवले. कोणत्या भाषेत माफी मागायची ते कळेना, म्हणून मराठीत मागितली. संध्याकाळी ती बाई आली, मुलाचं नाव घेत तिनं ते डब्यात जाळलं. प्लास्टिकचा धूर काळाकुट्ट. कुणीही तक्रार केली नाही."

"मग बरा झाला ना तो?" विक्रांत म्हणाला. "मुकुल?"

"झाला. हॉस्पिटलमध्ये शस्त्रक्रिया, आठ दिवसांनी घरी. दोन्ही हातांना कोपरापर्यंत प्लास्टर. अनघा भरवायची. ऑफिसनं सांभाळून घेतलं, भले लोक. कोजागिरीच्या दिवशी प्लास्टर काढलं, मीच घेऊन गेलो होतो त्याला. डावं आधी कापलं. हात बारीक झालेला, पण बोटं हलली. पोरगा रडला. मग उजवं..."

खाली कुणीतरी डब्यावर झाकण टाकलं, त्याचा आवाज आला.

"उजवं कापलं. प्लास्टर उघडलं, आतला कापूस काढला. मनगटाला लाल धागा."

"अनघानं बांधला असेल," विक्रांत म्हणाला. "हरतालिकेचा. पूजेचा."

"ऑपरेशनला नेताना त्याच्या अंगावर जानवंसुद्धा ठेवलं नव्हतं. नर्सनं कात्री पुढे केली, काढू का म्हणून. मुकुल म्हणाला, राहू दे. मी त्याला गाडीत विचारलं, अरे का? तर म्हणाला, 'काका, एकदा दुसऱ्याला दिलेलं मी उचललं. आता मला दिलेलं टाकू कसं?'"

सौमित्र उठला. "निघू या," एवढंच म्हणाला. विक्रांत बूट घालायला दारापाशी गेला आणि आम्ही येईपर्यंत दाराबाहेर मात्र गेला नाही.

काकू स्वयंपाकघरातून मोदकपात्र घेऊन आल्या. पिशवीत घालून माझ्या हातात दिलं. पुरुष बूट घालत होते. काकू हळू आवाजात, मलाच सांगावं तसं म्हणाल्या,

"यांना एक गोष्ट दिसलीच नाही. बायकांनाच दिसते. बांगड्या भरायची सवय असते ना. प्लास्टर घातलं तेव्हा त्याचा हात सुजून भोपळ्यासारखा झाला होता. काढलं तेव्हा काडी राहिली होती. आणि तो धागा..." त्यांनी माझं मनगट दोन बोटांत धरलं. "धागा त्या काडीला बरोब्बर बसत होता. सैल नाही, काचत नाही. म्हणजे बांधला तो सूज उतरल्यावर. आत."